हाक आक्कांची, नाव माझं

माझ्या नातीला पुण्याच्या कंपनीत बढती मिळाली. आता तिच्या हाताखाली नऊ जण आहेत. हाताखाली माणसं आली की मानेचं काय होतं हे मला चांगलं माहीत आहे, म्हणून मी फोनवर आधी तिला विचारलं, "मान कशी आहे?" तिला वाटलं, म्हातारी मणक्याची चौकशी करतेय.

"मान ठीक आहे गं. तू ऐक ना आजी. मी तुझी हाक वापरली."

"कसली हाक?"

"अगं, तुझ्या नर्सरीतली! रोज सकाळी मी काम सांगते आणि प्रत्येक जण ते आपल्या तोंडाने परत बोलतो, पार शेवटच्या माणसापर्यंत. गोंधळ एकदम कमी झाला. मग मी सगळ्या ऑफिससमोर ते दाखवलं. पडद्यावर तुझा फोटो टाकला, हिरव्या साडीतला. खाली लिहिलं, 'माझ्या आजीची पद्धत'. लोकांनी टाळ्या वाजवल्या! आता आमचे साहेब म्हणतायत, आजींचा व्हिडिओ करून आण."

माझे हात पिठात होते. माझ्या कानाला फोन लावून धरलेल्या सुनेने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय झालं हो आई? वाईट बातमी आहे का?"

तसं पाहिलं तर वाईटच होती. ती पद्धत माझी नव्हती. जिची होती तिला मी त्याच पद्धतीपायी कामावरून घालवलं होतं, आणि ती गेल्यावर तिची पद्धत माझ्या नावाने मिरवली होती. बावीस-तेवीस वर्षं मी घरात ही गोष्ट सांगत आले. दरवेळी थोडी जास्त शहाणी होऊन सांगत आले. आणि आता माझा हिरव्या साडीतला फोटो पुण्यात टाळ्या घेत होता.

तेव्हा आता खरं काय झालं ते सांगते.

संगमनेरहून अकोले तालुक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला, प्रवरेच्या काठाने, एक रोपवाटिका होती. आम्ही सगळे नर्सरीच म्हणायचो. टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी, झेंडू, सगळ्यांची रोपं तिथे तयार व्हायची आणि चार तालुक्यांतले शेतकरी ती न्यायला यायचे. हिरव्या जाळीच्या शेडमध्ये एक लांबलचक टेबल, दोन्ही बाजूंना सहा-सहा बायका. एका टोकाला काळे प्लॅस्टिकचे ट्रे यायचे, खळग्या-खळग्यांचे. कोणी त्यात नारळाचा भुसा भरायची, कोणी बोटाने खळगे दाबायची, कोणी एकेक बी टाकायची, कोणी वरून झाकायची. ट्रे सरकत सरकत दुसऱ्या टोकाला गेला की तिथली बाई त्यात एक काडी खोचायची. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या काड्या, टोकं रंगात बुडवलेली. लाल म्हणजे तिखट मिरची, हिरवी म्हणजे भज्यांची जाड मिरची, पिवळी म्हणजे टोमॅटो. रोप उगवल्यावर ते कशाचं हे त्या काडीवरूनच कळायचं. तिखट मिरचीचं रोप आणि भज्यांच्या मिरचीचं रोप शेजारी ठेवलं तर त्यांना जन्म देणाऱ्यालाही ओळखता येणार नाही.

वरच्या टोकाला आक्का बसायच्या. पंचावन्नच्या आसपास वय, अंगाने काटक, आवाज असा की नदीपलीकडची म्हैस मान वर करून बघायची. बियाण्याची पाकिटं त्यांच्या ताब्यात. नवं पाकीट फोडलं की त्या हाक द्यायच्या, "तिखट आली गंऽऽ!" शेजारची म्हणायची, "तिखट आली गं!" मग तिच्या शेजारची, मग तिच्या शेजारची, असं करत हाक टेबलाच्या शेवटाला पोचायची. शेवटची बाई लाल काडी उचलून उलटी हाक द्यायची, "तिखट लागलीऽ!" ती ऐकल्याशिवाय आक्का पहिला ट्रे पुढे ढकलत नसत. हाकेच्या मधेमधे बायका आपल्या पदरचंही घालायच्या. "तिखट आली गं," आणि खाली, "तुझी नणंद आली का?" मग हसणं. दिवस असा जायचा.

मी तिथे कागदपत्रं बघायला लागले होते. बी.ए. झालेली, अक्षर मोत्यासारखं, असं माझं मलाच वाटायचं. बायका मला 'वहिनी' म्हणायच्या. दोन वर्षांनी मालकांनी मला सगळ्या शेडची प्रमुख केलं आणि नगरला दोन दिवसांच्या शिबिराला पाठवलं. विषय होता, कामाच्या ठिकाणी नेतृत्व कसं करावं.

तेव्हा मी पंचेचाळीस वर्षांची होते. हे मुद्दाम सांगते. वीस वर्षांची असते तर 'पोरवय होतं' म्हणून सुटले असते. पंचेचाळिशीत माणसाला अक्कल असायला हरकत नसते.

शिबिरात टायवाल्या एका साहेबांनी फळ्यावर गोल काढले, बाण काढले. दुपारी जेवणात श्रीखंड होतं. शेवटी एक फाइल, एक पेन आणि एक प्रमाणपत्र मिळालं. साहेबांनी दोन दिवसांत बरंच सांगितलं असणार. माणसांचं ऐकून घ्या, हेही त्यात असणार, कारण ते सगळेच सांगतात. माझ्या डोक्यात श्रीखंड आणि शिस्त एवढंच राहिलं. परतताना नगरच्या बाजारातून मी एक शिट्टी घेतली. पोलादी. काळ्या गोंड्याची.

दुसऱ्या दिवशी कामावर गेले ती गळ्यात शिट्टी घालून. गळ्यात मंगळसूत्र आणि त्याच्या खाली शिट्टी. माझा आजवरचा सगळ्यात देखणा अवतार तोच असावा. बायकांना उभं करून सांगितलं, "उद्यापासून मला वहिनी म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं." मग ट्रेच्या चार क्रेट पालथ्या घालून त्यावर माझी खुर्ची चढवली, म्हणजे सगळ्या नजरेखाली राहतील. खुर्ची डुगडुगायची. मी जोरात लिहायला लागले की डुलायचे. बायका खाली मान घालून काम करायच्या आणि त्यांचे खांदे हलायचे. कामाच्या जोराने हलतात असं मला वाटायचं.

चौथ्या की पाचव्या दिवशी आक्कांनी हाक दिली, "तिखट आली गंऽऽ!" हाक मधल्या बाईपर्यंत आली आणि तिने 'आली गं'च्या मागे तोंडाने बारीक शिट्टी मारली. फुर्रर्र. पुढचीनेही मारली. त्या पुढचीने माझ्यासारखं डुलूनही दाखवलं. आख्खं टेबल हसलं. आक्काही हसल्या. मी खुर्चीवरून उतरायला गेले, क्रेट सरकली, आणि उतरण्याऐवजी मी खाली आले. कोणी हसलं नाही. ते तर हसण्यापेक्षा वाईट होतं. आक्कांनीच येऊन उचललं, साडी झटकली. म्हणाल्या, "लागलं का वो?"

हाक मी का बंद केली, तर यासाठी. नंतर मालकांना मी सांगितलं की गोंगाटाने कामाचा वेग कमी होतो. फाइलमध्ये तसं एक वाक्य शोधून त्याखाली रेघही मारून ठेवली. पण कारण हेच होतं. मला हसले होते.

दुसऱ्या दिवशी टेबलावर पाटी लागली: 'शांतता राखा'. हाकेच्या जागी चिठ्ठी आली. पाकीट बदललं की आक्कांनी माझ्याकडून चिठ्ठी घ्यायची, माझ्या मोत्यांच्या अक्षरात 'तिखट' किंवा 'भज्याची' लिहिलेली, ती पहिल्या ट्रेत ठेवायची. ट्रेबरोबर चिठ्ठी शेवटच्या टोकाला जाणार, तिथली बाई ती वाचणार आणि काडी खोचणार. तोंडं बंद. कोणी जागेवरून उठलं तर शिट्टी आणि रजिस्टरला लाल फुली.

शेड असं शांत झालं की भुशात बोट दाबल्याचा आवाज यायचा. मालक बाहेरच्या पाहुण्यांना घेऊन आले, दारात थबकले. "वा, मॅडम! परीक्षेचा हॉल केलात की." मी दोन दिवस घरात कोणाशी सरळ बोलले नाही, इतकी फुगले होते.

आता शेवटच्या टोकाच्या बाईबद्दल सांगायला हवं. ती त्या वेळी पस्तिशीची असेल. अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, लग्न होऊन इकडे आलेली, आक्कांच्याच गावात राहणारी. अबोल. हात फार चलाख. तिला आक्कांनीच कामाला आणलं होतं आणि काड्यांच्या जागी आक्कांनीच बसवलं होतं. शेवटच्या जागेला वाचता येणारी बाई हवी, हे माझ्या चिठ्ठीत गृहीतच होतं. तिला वाचता येतं का, हे मी विचारलं नव्हतं. बारापैकी कोणालाच विचारलं नव्हतं. पाटीसुद्धा लावली ती लिहून.

तरी पंधरा-वीस दिवस काही चुकलं नाही. का चुकलं नाही, तर ती शेजारणीच्या तळहातावरचं बी बघून काडी खोचायची. टोमॅटोचं बी वेगळं, कोबीचं वेगळं, झेंडूचं तर काडीसारखं. डोळ्यांनी भागत होतं.

मग एक दिवस दोन्ही मिरच्या एकाच दिवशी पेरायला आल्या.

त्या सकाळी आक्का जागेवरून उठल्या आणि टेबलाच्या कडेने शेवटच्या टोकाकडे निघाल्या. मी शिट्टी मारली. सगळ्या दचकल्या. आक्का थांबल्या, वळल्या आणि माझ्या क्रेटच्या सिंहासनाशी आल्या.

"मॅडम, आजच्या दिस हाक दिऊ द्या. दोन्ही मिरच्या हायत. बी सारखंच दिसतंय."

"चिठ्ठी आहे ना?"

"चिठ्ठी हाय. पन..."

त्यांनी मागे वळून शेवटच्या टोकाकडे पाहिलं. ती बाई मान खाली घालून काड्या नीट लावत होती. अकरा बायका ऐकत होत्या.

"पण काय?"

"काय न्हाई," आक्का म्हणाल्या आणि जागेवर जाऊन बसल्या.

मी रजिस्टरमध्ये लाल फुली मारली. शेजारी लिहिलं, 'कामाच्या वेळेत जागा सोडली.' अक्षर खरंच छान आलं होतं.

मिरचीचं रोप तयार व्हायला महिना-सव्वा महिना लागतो, आणि शेतात लावल्यावर तोडा यायला आणखी दोन महिने. एवढे दिवस माझी चूक मातीत आरामात वाढत होती आणि मी कौतुक खात होते. मग एका सकाळी अकोल्याकडचा एक शेतकरी पिकअपमधून उतरला, खांद्यावरचं पोतं घेऊन थेट माझ्याकडे आला आणि पोतं माझ्या टेबलावर पालथं केलं. जाड, फिकट, गुबगुबीत मिरच्या. रजिस्टर त्यांच्याखाली गेलं.

"खावा, मॅडम."

"अहो, काय झालं?"

"खावा तर."

मी एक मिरची उचलली, टोक चावलं. मग आणखी चावलं. काकडी बरी.

"कशी लागली?"

"छान आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"छानच हाय. पोरं शाळेच्या वाटंनं खात जात्यात. मी तिखट मागितली हुती, मॅडम. माज्या बायकूनं हिचा ठेचा केला. ठेचा कसला, कोशिंबीर झाली! सगळ्या रानात हीच हाय. बाजारात लोकं म्हनत्यात, भजी तळतुया का पाटील?"

पलीकडून एक बाई खुसकन हसली आणि गप्प झाली. कारण मालक आले होते. (ज्या शेतकऱ्याला भज्यांच्या जागी तिखट गेली असणार, तो कधीच तक्रार घेऊन आला नाही. त्या वर्षी कुठल्या तरी हॉटेलात भजी खाऊन कोण कोण रडलं, ते देवाला ठाऊक.)

मालकांनी शेतकऱ्याला बसवलं, पाणी दिलं, नुकसानीचं बघतो म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "हे कोणाच्या हातून झालं?"

मला त्या क्षणी सगळं आठवलं होतं. हे मी शपथेवर सांगते, कारण नंतर मी स्वतःला बरीच वर्षं पटवत राहिले की तेव्हा काही आठवलं नव्हतं. आक्का क्रेटशी उभ्या राहिलेल्या, 'आजच्या दिस हाक दिऊ द्या', सगळं. मालक माझ्याकडे बघत होते. परीक्षेचा हॉल म्हणालेले मालक. मी मिरच्या बाजूला सारल्या, रजिस्टर ओढून काढलं, पान उलटलं आणि बोट ठेवलं.

"आक्का त्या दिवशी जागेवरून उठल्या होत्या. कामात लक्ष नव्हतं त्यांचं. फुली आहे इथे."

फुली होतीच. कागदावर मी अगदी खरी होते.

मालक आक्कांना ओळखत होते. नर्सरी चालू झाली त्या दिवसापासूनची बाई. गावोगावचे शेतकरी रोपं नेताना विचारायचे, "आक्काच्या हातचं हाय ना?" आक्कांकडे दुसरं काय होतं? शेत नव्हतं, शिक्षण नव्हतं. हातातून कधी चुकीचं बी गेलं नाही, एवढं नाव होतं. मालक हळू आवाजात म्हणाले, "आक्का, बोला काहीतरी."

आक्कांनी पुन्हा टेबलाच्या शेवटाकडे पाहिलं. ती बाई उभी होती, हातात काड्यांचा डबा, आणि डब्यातल्या काड्या खुळखुळत होत्या.

"माज्याच हातनं झालं असंल," आक्का म्हणाल्या. "वय झालं आता."

त्या दिवशी आक्कांना वरच्या जागेवरून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या बाजूला भुसा भिजवायचं काम दिलं. ते नव्याने येणाऱ्या बायकांना देतात. आठ दिवस त्या आल्या, कोपरापर्यंत ओल्या. नवव्या दिवशी आल्या नाहीत. परत कधीच आल्या नाहीत. शेतकरी विचारायचे, आक्का कुठं हायत? मी सांगायचे, "वय झालं त्यांचं." त्यांनीच दिलेलं वाक्य.

त्यानंतर आठवड्याभरात असेल, मी शेवटच्या टोकाला उभी राहून त्या बाईला एक चिठ्ठी दिली आणि म्हणाले, "वाच बरं, काय लिहिलंय?" ती माझ्याकडे बघून हसली. "चष्मा घरी ऱ्हायला, मॅडम."

तिला मी कधी चष्म्यात पाहिलं नव्हतं.

त्या 'पन'च्या पुढे काय होतं, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं. आक्कांना पहिल्यापासून माहीत होतं. ती हाक त्यांनी तिच्यासाठीच बसवली होती. सगळ्यांनी मोठ्याने बोलायचं, म्हणजे कोणाला वाचता येत नाही हे कोणाला कळायला नको. काड्यांना रंगही त्यासाठी. त्या बाईला आपल्याला कोणी सांभाळतंय हे जाणवूही नये, इतक्या सहज. हे आक्कांना कोणत्या शिबिरात शिकवलं होतं? शिबिराला तर मी गेले होते.

आता कोणीही म्हणेल, मग तू आक्कांच्या घरी गेली असशील, मालकांना सांगितलं असशील. नाही. मी दुसऱ्या सकाळी पाटी काढली, शिट्टी खणात टाकली, आणि म्हणाले, "आजपासून हाक द्यायची." एवढंच. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, एकही बोलली नाही. बोलायची सवय मीच मोडली होती. हाक सुरू झाली, चुका थांबल्या, आणि मालक म्हणाले, "मॅडमनी चांगली पद्धत बसवली." मी काय म्हणायला हवं होतं? मी म्हणाले, "प्रयत्न करतेय."

पुढे पाहुणे यायचे, कर्जतहून, पार पुण्याहून, आणि मी त्यांना टेबलापाशी उभं करून दाखवायचे. "ही आमची हाक." 'आमची' म्हणताना हात छातीवर ठेवायचे. निवृत्त झाले तेव्हा शाल मिळाली. नातीने ही गोष्ट माझ्या मांडीवर बसून ऐकली, त्यात आक्का नव्हत्याच. एक शहाणी मॅडम होती आणि बारा वेंधळ्या बायका.

तर, नातीचा फोन आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी अकोल्याच्या एसटीत बसले.

आक्का अंगणात खाटेवर बसल्या होत्या, शेंगा फोडत. केस पांढरे, हात तसेच. त्यांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "कोन? वहिनी का?"

मॅडम नाही. वहिनी.

मी शेजारी टेकले. एसटीत मी सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, हळू आवाजात सांगायचं, हात हातात घ्यायचा. मी हळूच म्हणाले, "आक्का, ती मिरचीची चूक माझी होती."

"काय?"

"मिरचीची चूक..."

आतून त्यांची सून म्हणाली, "ऐकू येत न्हाई त्यास्नी. लई मोठ्यांदा बोलावं लागतं."

झालं. मी घसा खाकरला. "आक्का! मिरचीची चूक! माझी होती!"

शेजारच्या दारातून एक बाई डोकावली. रस्त्याने सायकल धरून चाललेला म्हातारा उभा राहिला.

"मिर्चीचं काय?" आक्का म्हणाल्या. "सांडगी मिर्ची? हाय की, दिऊ का?"

"अहो, नर्सरीतली! तुम्ही हाक द्या म्हणालात! मी नाही म्हणाले! आणि मालकांना तुमचं नाव सांगितलं!"

हे मी त्या अंगणात उभी राहून, सत्तरीच्या घशाने, तीनदा ओरडले. ज्या बाईचं तोंड मी पाटी लावून बंद केलं होतं, तिच्या दारात गाव गोळा होईपर्यंत ओरडले. आठ-दहा माणसं जमली असतील. तिसऱ्या वेळी मला आक्कांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी दिसलं, आणि मला आजही शंका आहे की म्हातारीला पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं.

मग त्या म्हणाल्या, "आता कुनाला सांगती ह्ये? मालक तर गेलं."

खरंच होतं. मालक आक्कांना चुकार समजतच गेले.

"मी न्हाई रडले तवा," आक्का म्हणाल्या. "ती रडली. तिला अजून वाटतंय, तिच्यापाई माजी जागा गेली. तिला सांगितलं का?"

मी नकारार्थी मान हलवली.

"ए, तिला हाक मार गं," त्या सुनेला म्हणाल्या.

शेवटच्या टोकाची ती बाई दोन घरं पलीकडेच राहत होती. आली, साठीला टेकलेली, पदराला हात पुसत. मला बघून थबकली आणि तिच्या तोंडून निघालं, "मॅडम." आपोआप. ते ऐकून मला जमिनीत जावंसं वाटलं.

"तुझी चूक नव्हती," मी म्हणाले. आक्कांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने. "मिरच्या बदलल्या त्यात तुझी काही चूक नव्हती. आक्कांचीही नव्हती. मी हाक बंद केली, चिठ्ठ्या लावल्या, पण..."

तिने मान खाली घातली. भोवती माणसं उभी होती. तिची सून होती, शेजारणी होत्या, सायकलवाला होता.

"पन काय?" आक्कांच्या सुनेने विचारलं.

आक्का माझ्याकडे बघत होत्या. शेंगेवरचा अंगठा थांबला होता.

"काही नाही," मी म्हणाले. "माझं अक्षर फार वाईट होतं. कोणालाच लागत नसे."

आक्कांनी शेंग फोडली. "लई वंगाळ," त्या म्हणाल्या. "मुंगळं सोडल्यावानी." लोक हसले. मीही हसले असेन. चहा आला, त्यात साखर नव्हती, कोणी मागितली नाही.

आक्कांनी मला माफ केलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. निघताना सांडगी मिरचीचा एक पुडा दिला. तिखट होती.

घरी येऊन नातीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजी, अख्ख्या ऑफिसला सांगून झालंय गं."

"मग अख्ख्या ऑफिसला परत सांग. माझा फोटो काढ."

"आणि कोणाचा टाकू? त्या आक्कांचा फोटो आहे तुझ्याकडे?"

माझ्याकडे नर्सरीतले चाळीसेक फोटो आहेत. पाहुण्यांबरोबरचे, शालीबरोबरचे, क्रेटवरच्या खुर्चीतला एक. आक्कांचा एकही नाही. एका फोटोत मागे भुशाच्या ढिगाशी एक वाकलेली पाठ आहे, ती त्यांची असावी.

हे लिहायचं ठरवल्यावर मी पुन्हा त्या गावाला गेले. या वेळी शेवटच्या टोकाच्या बाईकडे आधी. दार लावून घेतलं आणि तिला विचारलं, तुझ्या वाचण्याचं यात येईल, नाव येणार नाही, तरी लिहू का? नको म्हणालीस तर सगळं फाडून टाकते.

ती तांदूळ निवडत होती. हातातला खडा बाजूला ठेवला आणि पहिल्यांदाच माझ्या डोळ्यांत बघून, मिश्कीलपणे म्हणाली, "लिवा की. मी कुटं वाचनार हाय?"

म्हणून लिहिलं. आता हे कागद घेऊन येत्या रविवारी जायचं आहे. तिला आणि आक्कांना शेजारी बसवून वाचून दाखवायचं आहे, आक्कांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.